गल्लीची पहिली पांजण

आमचे घरमालक सकाळी विहिरीवर दात घासता घासता सरकार पाडत, आणि साडेदहाला सचिवालयात जाऊन मी तेच सरकार पुन्हा चालवायला घेई. सात वर्षं आमचा हा क्रम बिनतक्रार चालला. मी ज्या खात्यात कारकून होतो त्याचं काम बाजाराची खबर गोळा करण्याचं. कापूस कसा आहे, ज्वारी कशी आहे, विणकरांच्या हाताला काम आहे की नाही, याचा दर आठवड्याला एक गोषवारा करून साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. साहेब तो वाचत नसत, ही गोष्ट वेगळी. पण मालकांना त्या गोषवाऱ्याचं फार अप्रूप होतं. नागपूरच्या हातमागाची खबर मी त्यांच्याकडूनच घेई, आणि ते ती अशा ऐटीत सांगत की बाजार जणू त्यांच्या ओसरीवरच मुक्कामाला असतो.

"लिहा बाबू," ते म्हणत, "बाजार बरा हाये. मी सांगितलं म्हणून लिहू नका. हाये म्हणून लिहा."

घर गोळीबार चौकाच्या पुढे, विणकरांच्या वस्तीत होतं. खाली त्यांचे सहा माग, वर माडीवर माझी एकट्याची खोली. एकोणपन्नास साली मी खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, जात काहीएक विचारलं नाही. सरकारात आहे म्हटल्यावर माझ्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून चोळली, "हं" म्हणाले आणि जिना दाखवला. त्यांना सगळी गल्ली दादाजी म्हणायची आणि त्यांच्या बायकोला माय. माय दारातून म्हणाली, "सरकार माडीवर ठेवून राहिले. उद्या डोक्यावर बसन तं मले सांगू नका."

मालक म्हणजे उंच, वाळलेला माणूस. वयाच्या पन्नाशीपर्यंत मागावर वाकून मान कायमची पुढे आलेली, त्यामुळे ते नेहमी कुणाचं तरी गुपित ऐकत असल्यासारखे दिसत. अंगात स्वतःच्या मागावरची बंडी, स्वतःच्या मागावरचं धोतर. आणि उजव्या हाताची ती चिमूट. ती चिमूट जन्माची संशयी होती. कुणीही समोर आला की बोलणं सुरू व्हायच्या आत त्याच्या उपरण्याचं, धोतराचं, नाहीतर निदान हातरुमालाचं टोक त्या चिमटीत गेलेलं असे. माणूस काय बोलतो यापेक्षा काय नेसतो यावर त्यांचा विश्वास. पहिल्या निवडणुकीत उमेदवार हात जोडत गल्लीत येऊ लागले तेव्हा तर त्या चिमटीला उसंत नव्हती.

"गिरणीचं हाये," एका बड्या उमेदवाराचं उपरणं चोळून ते त्याच्या तोंडावर म्हणाले. "हा निवडून आला तं आपल्याले मागासकट गिळन."

ही गोष्ट पसरली. दोन दिवसांनी दुसरा एक उमेदवार मुद्दाम नागपुरी हातमागाचं धोतर नेसून आला. मालकांनी त्याला एकदा पुढून पाहिलं, एकदा मागून पाहिलं, आणि धोतराच्या घडीवरून बोट फिरवलं. "धोतर आपलंच हाये," ते गल्लीला म्हणाले, "पण माणूस याच्यात आज पहिल्यांदाच घुसला. घडी मोडली नाही अजून." उमेदवार हसला. त्याला दुसरं काय करता येणार होतं?

मालकांनी शेवटी निवडला तो एक म्हातारा वकील. त्याच्या उपरण्याला एका कोपऱ्यात रफू केलेलं होतं. "हा माणूस फेकत नाही, जोडते," एवढ्यावर मालक त्याचे झाले, आणि त्यांच्यामागे अर्धी गल्ली झाली. वकीलसाहेबांचा कार्यक्रम एका ओळीचा होता. विदर्भाचं वेगळं राज्य करायचं, आणि आज मध्य प्रदेशाची राजधानी असलेलं नागपूर उद्या त्याची राजधानी ठेवायचं. मालकांना हे मनापासून पटलेलं होतं, आणि त्यामागे त्यांचं स्वतःचं अर्थशास्त्र होतं. ते मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही, पण खोटं म्हणायचीही माझी छाती नाही.

"जिथं साहेब तिथं बाजार, बाबू. खेड्यातला माणूस कचेरीत अर्ज घेऊन येते. अर्ज मंजूर झाला तं खुशीत बायकोले लुगडं घेते. नामंजूर झाला तं तिची समजूत काढाले लुगडं घेते. दोन्हीकडून लुगडं आपलं! उद्या राजधानी गेली तं अर्जही जाईन अन् लुगडंही जाईन."

सरकारं मोजायला त्यांच्याकडे सुताचे नंबर होते. इंग्रज म्हणे वीस नंबरी, जाडंभरडं, अंगाला टोचायचं पण तुटत नव्हतं. आताचे मंत्री शंभर नंबरी. "दिसाले रेशीम गा, पण मागावर धोट्याचा एक धक्का सहन होत नाही." मी त्यांना एकदा विचारलं, मग मी किती नंबरी? त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं अजून सूतच निघालं नाही. पेळूच हाये." पेळू म्हणजे सूत कातायच्या आधीची कापसाची वळकटी. त्यानंतर मी त्यांना स्वतःविषयी काही विचारलं नाही.

आता पांजणीविषयी सांगायला हवं, कारण या माणसाचा सगळा जीव तिच्यात होता.

मागावर चढवण्याआधी उभं सूत गल्लीभर लांब ताणायचं, त्याला पिठाची शिजवलेली खळ लावायची आणि दोन्ही बाजूंनी चालत मोठ्या कुंच्याने विंचरत वाळवायचं, म्हणजे विणताना ते तुटत नाही. याला पांजण म्हणतात. हे काम घरात होत नाही, कारण एवढं लांब घर कुणाचंच नसतं. ते गल्लीतच करावं लागतं, आणि तेही उन्हं तापायच्या आत. त्यामुळे सकाळी कुणाच्या दारात किती सूत ताणलंय, म्हणजे पुढे महिनाभर कोण किती विणणार, हे साऱ्या जगाला दिसतं. आमच्या गल्लीत त्याला एक रीत होती. पहिली पांजण मालकांची. त्यांच्या दाराशी खुंट्या ठोकल्या गेल्या, सूत ताणलं गेलं, की मग बाकीच्यांची दारं उघडायची. त्यांनी दोन मांडल्या तर लोक हिमतीने दोन मांडत. त्यांनी मांडलीच नाही तर कुणी मांडत नसे. मान म्हणून सुरू झालेली रीत असावी, पण पुढे लोक तिच्याकडे पाऊसपाण्याच्या अंदाजासारखं पाहू लागले. मालकांना इतवारीच्या बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांची आतली खबर असते, ते उगाच सूत ओलं करणार नाहीत, असा हिशेब.

खरी गंमत अशी की मालकांना आतली खबर वगैरे काही नसे. ते पांजण मांडत ती सरकारकडे पाहून.

हे मला मायने सांगितलं. स्वातंत्र्य आलं त्या आठवड्यात त्यांनी आनंदाच्या भरात एकामागून एक अशा इतक्या पांजणी मांडल्या की गल्लीतून बाईला घागर घेऊन जाता येईना. सुताची तंगी होती, कुठून कुठून मिळवलं. त्यांचं पाहून सगळ्यांनी मांडलं. आणि माल खपला! सगळ्यांच्या हातात काम होतं, म्हणून सगळ्यांच्या घरात नवं लुगडं आलं, वाण्याचं दुकान चाललं, सोनाराचं चाललं. "तवापासून बिघडले हे," माय म्हणाली. "त्यायले वाटते, सरकार आपल्या मनासारखं असलं का बाजार येते. घरातही तसंच. सरकार पावलं तं शिरा, नाही तं पिठलं."

बावन्न साली वकीलसाहेब पडले. नुसते पडले नाहीत, अनामतही गेली. मालक चौकातून निकाल ऐकून आले, टोपी खुंटीला लावली आणि ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली मोकळी. मी सायकल घेऊन निघालो तर पहिल्यांदाच सरळ रेषेत चौकापर्यंत जाता आलं, आणि ते मला मुळीच बरं वाटलं नाही.

पुंडलिक दाराशी उभा होता. समोरच्या घरातला हा विणकर. माग त्याचा स्वतःचा, सूत मालकांचं. चाळिशीचा, कमी बोलणारा, आणि काठ विणण्यात त्याच्या तोडीचा हात त्या वस्तीत नव्हता.

"दादाजी, पांजण?"

"कोनासाठी मांडू गा? हे सरकार गिरणीवाल्यायचं हाये. आता काही खपत नाही. कायले सूत नासवतं?"

लग्नसराई तोंडावर आलेली असताना सहा आठवडे गल्लीत सूत ताणलं गेलं नाही. पुंडलिक स्टेशनकडच्या गोदामात पोती उचलायला जाऊ लागला. विणकराच्या हाताला ओझ्याची सवय नसते. पुढे माग सुरू झाला तेव्हा त्याच्या तळव्याला इतक्या भेगा पडलेल्या होत्या की बारीक सूत त्यांत अडकून तुटे. त्याची बायको रोज संध्याकाळी त्याच्या हाताला गोडं तेल चोळत ओट्यावर बसायची. हे मी माडीवरून पाहत होतो, आणि त्याच आठवड्याच्या गोषवाऱ्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'मागणीअभावी माग बंद.' मालकांनी सांगितलं तसं.

मग माझ्या बहिणीचं लग्न निघालं आणि मी लुगडी घ्यायला इतवारीत गेलो. दुकानदाराने माझ्यापुढे सोलापुरी लुगडी टाकली. मी नागपुरी काठ मागितला. तो वैतागून म्हणाला, "सगळेच मागून राहिले हो नागपुरी काठ! पण तुमच्या तिकडल्यायनं औंदा मालच देल्ला नाही. काय माहीत काय झालं!"

मी तिथे लुगडी हातात घेऊन उभाच राहिलो. मागणी नव्हती हे माझ्या अक्षरात सरकारदफ्तरी गेलं होतं, आणि मागणी तर इथे गाद्यांवर बसून चहा पीत होती. घरी आलो तर मालक विहिरीवर. "पाह्यलं बाबू? मी म्हटलं होतं ना, हे सरकार आलं का धंदा बसन. बसला ना?" धंदा बसला नव्हता, यांनी बसवला होता. पण हे तेव्हा मी बोललो नाही. भाडेकरूची जीभ आखूड असते. शिवाय माणूस इतक्या मनापासून दुःखी होता की त्याला खोटं ठरवायला माझं मन होईना. त्या सहा आठवड्यांत त्यांचे स्वतःचेही सहा माग बंदच होते. नुकसान त्यांनी कुणाच्या एकट्याच्या डोक्यावर टाकलं नाही, आधी स्वतःच्या टाकलं.

त्यानंतर मात्र मी त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो. मोर्चा निघाला, मंत्री बदलला, कुठे भाषण झालं, की मी दुसऱ्या दिवशी उठून आधी खिडकीतून खाली पाही. आणि खरोखर, मालकांना आवडेल असं काही झालं असलं की गल्लीत सूत जास्त असे. हळूहळू मला साहेबांच्या गोषवाऱ्यापेक्षा मायच्या चुलीवरून बाजार अधिक बरोबर कळू लागला. शिरा असला की तेजी.

छप्पन साली दिवाळी आणि राज्याची वाटणी एकाच आठवड्यात आली. जुनं राज्य मोडलं. राजधानी भोपाळला गेली आणि आम्ही मुंबईला जोडले गेलो. सचिवालयातून कपाटं निघाली, टेबलं निघाली, हिंदी कारकून भोपाळच्या गाडीत बसले, मराठी कारकून मुंबईच्या हुकमाची वाट पाहत रिकाम्या खोल्यांतून हिंडू लागले. सिव्हिल लाइन्समध्ये बंगल्यांच्या फाटकांवरच्या नावांच्या पाट्या निघाल्या तेव्हा माझ्यासारख्या कोरड्या माणसालाही भरून आलं. मग मालकांचं काय झालं असेल! सगळ्या गावाने आपापल्या परीने दुःख केलं. मालकांनी पांजण बंद केली.

या खेपेला ते भिंतीकडे तोंड करून बसले नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटलं. नेहमीसारखे उठायचे, विहिरीवर जायचे, पण सरकार पाडायचे नाहीत. पाडायला जवळ काही उरलंच नव्हतं. गल्ली पुन्हा मोकळी झाली. तुळशीचं लग्न झालं, लोकांच्या घरात लग्नं ठरू लागली, तरी खुंट्या कोरड्याच. माय रोज पहाटे खळ शिजवायची. मालक तिच्याकडे न पाहता बाहेर जायचे, आणि उन्हं वर आली की ती ती खळ म्हशीला घालायची. महिनाभर ही बाई एक शब्द बोलली नाही. म्हैस मात्र चांगली अंगाला आली.

शेवटी एके सकाळी तिने माझा जिना चढला. "बाबू, तुमी त्यायले सांगा. माहं ऐकत नाही. पुंडलिक आता पोते उचलाले जाणार नाही म्हणते. माग मोडतो म्हणते अन् बायकोपोरायले घेऊन भिलाईले जातो म्हणते. तिथी मोठा कारखाना बांधून राहिले. असा हात पुन्हा येईन का या गल्लीत?"

मी खाली गेलो. माझी बदली होणारच होती, म्हणून जीभ थोडी लांब झाली असेल. विहिरीवरच मी त्यांना बावन्न सालची इतवारीतली गोष्ट सांगितली, दुकानदाराच्या शब्दांसकट. म्हटलं, "मालक, तेव्हा गिऱ्हाईक होतं. माल नव्हता. सरकारने बाजार बुडवला नाही. तुम्ही पांजण मांडली नाही, म्हणून गल्लीने मांडली नाही, म्हणून बाजार बुडाला. आणि मग तुम्हीच म्हणालात, पाहा, बुडाला."

ते थांबले. तोंडातली काडी काढली. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगणार.

"तुमी मले आज सांगून राहिले? चार वर्सं पोटात ठेवलं?"

"ठेवलं. चूक झाली."

"पुंडलिकच्या हाताले भेगा पडल्या होत्या."

"हो."

त्यांनी हातातली काडी विहिरीच्या काठावर ठेवली. मग जे बोलले ते मी जन्मभर विसरणार नाही. "बाबू, असंही असन. पण आता सांगा. राजधानी गेली हे तं खोटं नाही ना? मले समोर अंधार दिसून राहिला. लोकं माह्या पांजणीवर भरोसा ठेवून घरातलं शेवटचं सूत ओलं करतात. मले उजेड दिसत नाही तं मी त्यायले उजेड कसा दाखवू? खोटी पांजण मांडू? हे पाप मी करीन, अन् माल पडून राहिला तं त्यायच्या पोरायले काय तुमचा कागद चारू?"

चार वर्षं मी त्यांना हेकट समजत होतो. हा माणूस हेकट होताच, पण खोटं बोलायला घाबरणारा हेकट होता. आपल्या दारातलं सूत म्हणजे शंभर माणसांना दिलेला शब्द आहे, असं तो मानत होता. त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली.

पुढे बाजाराचं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. त्या हंगामात लुगडी खपली. सगळी नाही, पण पडूनही राहिली नाहीत. मात्र मालकांची भीतीही अगदीच खोटी नव्हती. साहेब गेले, अर्ज गेले, आणि त्यांच्याबरोबर गिऱ्हाईक गेलंच. पुढच्या वर्षांत शिंप्यांची दुकानं ओस पडली, सदर बाजारातली खाणावळ बंद झाली, आणि लुगड्याचा बाजार हळूहळू खाली आला. सरकारने बाजार होतो हे थोडं खरं, विणकराच्या मनाने होतो हेही थोडं खरं. कितपत कोणतं खरं, ते माझ्या खात्याला कधी कळलं नाही. साठ साली मी सुट्टीत नागपूरला गेलो तेव्हा मालक खूप थकले होते. सत्तावन्नच्या निवडणुकीत कुणाला मत दिलं, असं मी त्यांना मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, "त्याच रफूवाल्याच्या माणसाले. पण आधी पांजण मांडली, मंग गेलो मत द्याले. निकाल ऐकाले थांबलोच नाही."

आमचं विहिरीवर बोलणं झाल्यावर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी पुंडलिक रिकामं घमेलं घेऊन आला. विहिरीतला गाळ उपसून आम्ही मागच्या बाजूला मातीचा ढीग केला होता.

"दादाजी, ही माती नेऊ का?"

"ने ना. कायले पाह्यजे?"

"खड्डा बुजवतो."

मला क्षणभर कळलं नाही. मग आठवलं. विणकर जमिनीत खड्डा खणून काठावर बसतो आणि पाय खाली सोडून त्यांनी मागाच्या पावड्या मारतो. पुंडलिकच्या घरात तो खड्डा त्याच्या आज्याने खणलेला. तो बुजवला की ते घर विणकराचं राहत नाही, नुसतं घर होतं.

पुंडलिक माती भरभरून नेत राहिला, मालक ओसरीवरून ती घमेली मोजल्यासारखी पाहत राहिले. मला त्यांचा संताप आला. एवढं होऊन हा माणूस हलत नाही!

दुसऱ्या दिवशी जाग आली ती खुंट्या ठोकल्याच्या आवाजाने. खिडकीतून पाहिलं. अजून नीट उजाडलंही नव्हतं, आणि मालक स्वतः, पुढे आलेल्या मानेने, सूत ताणत होते. एक नाही, दोन पांजणी. माय खळीचं भांडं घेऊन उभी होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता. मी तसाच खाली धावलो. सूत ताणून होतं न होतं तोच एक दार उघडलं, मग दुसरं, आणि लोक डोळे चोळत बाहेर आले. कुणी काही विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती. जो तो आत वळला आणि आपापलं सूत घेऊन आला. थोड्या वेळात गल्लीत सायकल काय, मांजर जायला वाट राहिली नाही. हसणं, ओरडणं, खळीचा आंबूस वास. लोक एकमेकांना सांगत होते, "दादाजीले इतवारीतून खबर आली असन."

मालक ते ऐकत होते आणि मान खाली घालून कुंचा फिरवत होते. एकच दार बंद होतं. त्यांनी त्या दाराकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, मग कुंचा माझ्या हातात दिला.

"धरा बाबू. वरून खाली आणा, उलटा नका फिरवू."

मी कसला धरतोय! कुंचा मायच्या हातात दिला आणि त्यांच्यामागे गेलो. त्यांनी वाटेत ओसरीवरची कुदळ उचलली होती.

पुंडलिकच्या घरात माग सुटा करून भिंतीला टेकवला होता. बायको एका गाठोड्याला गाठ मारत होती. खड्ड्याच्या जागी ताजं सारवण होतं, ओलं, शेणाच्या हिरव्या रंगाचं. नवखा माणूस आला असता तर तिथे कधी काही होतं असं त्याला वाटलंही नसतं.

"सारवण मोडतो वं पोरी," मालक तिला म्हणाले, आणि कुदळ मारली.

माती भुसभुशीत होती, तरी साठीच्या माणसाला ते काम झेपण्यासारखं नव्हतं. तीनचार घाव घालून ते धापा टाकू लागले. मी कुदळीला हात घातला तर त्यांनी झिडकारला. पुंडलिक दारात उभा होता. बाहेरच्या गल्लीचा सगळा गलका त्याच्या पाठीशी होता. त्याने आत यायच्या आधी विचारलं, आणि त्या गल्लीत हे विचारणारा तो पहिलाच असेल.

"दादाजी, खरं सांगा. बाजार येऊन राहिला का?"

मालकांचे हात थांबले. बाहेर सगळी गल्ली ओल्या सुतापाशी उभी होती. एक 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं.

"मले नाही माहीत," ते म्हणाले.

"मंग पांजण काहून मांडली?"

"तू माती न्याले आला म्हणून."

पुंडलिकच्या बायकोचा हात गाठोड्यावर तसाच राहिला. मालकांनी त्याला काही पटवलं नाही, परत वाकले आणि खणू लागले. घामाने बंडी पाठीला चिकटली होती. गुडघाभर खणून झाल्यावर त्यांनी कुदळ टेकवली आणि त्याच्याकडे न पाहताच म्हणाले, "ये. बस. पाय सोड खाली, खोली पाहू दे."

पुंडलिक आत आला. काठावर बसला आणि त्याने पाय खाली सोडले.

"अजून चार बोटं पाह्यजे," मालक म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा कुदळ उचलली.